कोथिंबीर आईकडे पंधरा दिवस, माझ्याकडे चार: फ्रीज, पिशवी आणि भाजी

निवडटोपली

मंडळी, प्रश्न किरकोळ वाटेल, पण गेले दोन महिने त्याने माझं डोकं खाल्लंय.

आई साताऱ्यात, मी पुण्यात. आई बाजारातून कोथिंबीर आणते, मुळं कापते, पिवळी पानं काढते, जुन्या सुती साडीच्या ओलसर फडक्यात गुंडाळते आणि फ्रीजमध्ये खालच्या ट्रेमध्ये ठेवून देते. पंधराव्या दिवशीही पोह्यांवर भुरभुरवण्याइतकी हिरवी असते. मीही अगदी हेच करते. फडकंसुद्धा तिच्याकडूनच ढापलेलं आहे. चौथ्या दिवशी फडकं पापडासारखं कडक आणि आत कोथिंबिरीच्या जागी चहाची पत्ती.

शेवटी चिडून प्रयोग केला. एका मोठ्या जुडीचे चार सारखे वाटे केले आणि एकाच फ्रीजमध्ये, मधल्या फळीवर ठेवले. पहिला उघडा, ताटलीत. दुसरा आईच्या फडक्यात. तिसरा भाजीवाल्याच्या पातळ पिशवीत, गाठ मारून. चौथा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, खाली-वर कोरडा सुती रुमाल घालून.

ताटलीतल्या वाट्याने दुसऱ्याच दिवशी मान टाकली. फडक्यातला वर सांगितला तसा. पिशवीतला पाचव्या दिवसापर्यंत मस्त होता, मी आईला फोटोही पाठवला. सातव्या दिवशी गाठ सोडली तर आत पाण्याचे थेंब, मधली पानं काळी बुळबुळीत आणि तळ्यासारखा वास. डबा मात्र दहाव्या दिवशीही शाबूत. चारपाच पानं पिवळी, बाकी टवटवीत.

म्हणजे डबा जिंकला हे कळलं. पण आईच्या फडक्याचं काय? तिच्याकडे चालतं ते माझ्याकडे का चालत नाही? पाणी वेगळं? हात वेगळा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बाळबोध

हात वेगळा. धागा बंद करा.

(हलके घ्या. वाचनखूण साठवली आहे, आमच्याकडेही मेथीची रोज अंत्ययात्रा निघते.)

मावशी_बोलते

अगं, फडकं नुसतं ओलं नको, ओलं करून घट्ट पिळलेलं हवं. आणि आधी वर्तमानपत्रात गुंडाळायची, मग फडक्यात. आमच्या सासूबाई तर मडक्यात ठेवायच्या, फ्रीजच नव्हता. आणि हिरव्या मिरचीचे देठ काढून ठेव, महिनाभर हलत नाहीत.

शीतलहर

@निवडटोपली, एकच सांगा. आईंचा फ्रीज एका दाराचा, बर्फ साचला की बटण दाबून वितळवावा लागतो तसला आहे का? आणि तुमचा दोन दारांचा, बर्फ न साचणारा?

निवडटोपली

बरोब्बर! आईचा माझ्या धाकट्या भावाच्या बारशाच्या वेळचा आहे. माझा तीन वर्षांपूर्वीचा, वर फ्रीजर, आत पंखा. तुम्हाला कसं कळलं?

शीतलहर

बावीस वर्षं फ्रीज दुरुस्तीचंच काम करतोय. 'नवीन फ्रीज घेतल्यापासून भाज्या सुकतात, गॅस कमी आहे का बघा' अशी तक्रार दर उन्हाळ्यात येते. गॅस ठीक असतो. फ्रीजचा स्वभावच तसा आहे.

एका दाराच्या फ्रीजमध्ये थंडावा वरच्या बर्फाच्या कप्प्यातून आपोआप खाली उतरतो. पंखा नाही, वारा नाही. आतली हवा बऱ्यापैकी दमट राहते. भाजीचं थोडं पाणी उडतं, ते वर जाऊन बर्फ होऊन चिकटतं, पण हे सगळं सावकाश.

बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये थंड करणारी नळ्यांची जाळी फ्रीजरच्या मागे दडवलेली असते, उणे वीस किंवा त्याहूनही गार. पंखा आतली हवा त्या जाळीवरून खेचतो आणि परत भाज्यांवर सोडतो. आता हिशोब बघा. ४ अंशांच्या हवेत एका घनमीटरला साधारण ६ ग्रॅम बाष्प मावतं. उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे जाळीवरून जाताना हवा पिळून कोरडी होते आणि ती कोरडी हवा तुमच्या फडक्यावर येते. फडकं आधी सुकणार, मग कोथिंबीर. जाळीवर साचलेला बर्फ हीटर दिवसातून दोनतीन वेळा वितळवतो. ते पाणी नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि वाफ होऊन स्वयंपाकघरात सुटतं. थोडक्यात, तुमच्या कोथिंबिरीतलं पाणी फ्रीजच्या मागून घरातच फिरतंय.

फडकं दोन्हीकडे तेच आहे. आईच्या फ्रीजमध्ये हवा आधीच दमट, म्हणून फडक्याचा ओलावा पुरून उरतो. तुमच्याकडे ते दोरीवर वाळत घातल्यासारखं आहे.

जाता जाता दोन गोष्टी. भाजीच्या ड्रॉवरला एक सरकती पट्टी असते ती बघा. पालेभाजीसाठी ती बंद हवी. आणि तुम्ही प्रयोग मधल्या फळीवर केलात. पंख्याचा वारा तिथेच सगळ्यात जास्त. ड्रॉवरमध्ये केला असतात तर फडक्याला दोनतीन दिवस वाढवून मिळाले असते.

निवडटोपली

दंडवत घ्या. ती पट्टी मी तीन वर्षांत एकदाही हलवलेली नाही, डिझाइन वाटलं होतं मला. आत्ता बघितली. पूर्ण उघडी आहे.

बाळबोध

आमच्याकडे त्या पट्टीवर पेरूचं चित्र एका बाजूला आणि कोबीचं दुसऱ्या बाजूला आहे. मला वाटलं पेरू ठेवले की तिकडे सरकवायची, मोजणीसाठी.

मावशी_बोलते

म्हणजे जुना फ्रीज टाकून चूक झाली म्हणायची. मुलाने एक्स्चेंजमध्ये दिला.

पॉलिमरपंत

शीतलहर यांनी हवेची बाजू चोख मांडली. मी पिशवीची मांडतो. प्लॅस्टिक फिल्मच्या धंद्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे आणि बायको मला भाजी निवडायला बसवते.

भाजी तोडली तरी जिवंत असते हे आधी डोक्यात पक्कं करा. ती श्वास घेते: प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडी उष्णता बाहेर. साठवलेल्या साखरेवर तिचं आयुष्य चाललेलं असतं. गरम जागी ती भराभर संपते. पालक २० अंशांना जितका श्वसतो तो शून्य अंशांच्या दहापटीहून जास्त. म्हणून पहिलं काम थंडीचं, पिशवीचं नाही. उन्हात तापलेली भाजी कितीही भारी पिशवीत भरा, काही उपयोग नाही.

पिशवी दोन कामं करते. एक, पाणी अडवणं. पॉलिथिनमधून वाफ जवळजवळ जातच नाही, म्हणून तुमची पिशवीतली कोथिंबीर पाच दिवस तजेलदार राहिली. पालेभाजीला ९५ टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो, तो पिशवीत काही मिनिटांत तयार होतो. पण तोच दमटपणा थंड भिंतीला लागला की थेंब. दर वेळी फ्रीजचं दार उघडलं की पिशवी थोडी तापते, बंद केलं की गार होते, आणि प्रत्येक फेरीत आत दव पडतं. पानावर थेंब बसला की कुजवणारे जिवाणू तिथेच संसार थाटतात. तुमचा बुळबुळीतपणा तो. डब्यातला रुमाल जिंकला तो यासाठीच: डबा वाफ अडवतो आणि रुमाल थेंब पितो.

दुसरं काम वायूंचं, ते लोकांना ठाऊक नसतं. पॉलिथिनमधून प्राणवायू थोडाथोडा जातो, कार्बन डायऑक्साइड त्याच्या तीन ते पाच पट वेगाने. म्हणून योग्य जाडीच्या पिशवीत योग्य वजनाची भाजी भरली तर आत प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त अशी हवा आपोआप जमते आणि भाजी मंदावते. मॉलमधली कापलेली पालेभाजी याच तत्त्वावर टिकते. पण हिशोब चुकला आणि प्राणवायू एकदोन टक्क्यांच्या खाली गेला, की भाजी आंबवणीवर जाते. मग पिशवी उघडल्यावर ताडीसारखा वास. गाठ मारलेल्या पिशवीत ब्रोकोली किंवा फ्लॉवर आठवडाभर ठेवलेल्यांना तो वास माहीत असेल.

घरी कुणी पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजत बसणार नाही. म्हणून साधा तोडगा: पिशवीला गाठ नको, तोंड नुसतं दुमडा, आणि कागद पंच करायच्या यंत्राने आठदहा भोकं पाडा. वाफ बरीचशी आत राहते, वायूंची ये-जा होते.

गड्डीवाला

जुन्नर तालुका. वीस वर्षं मेथी-कोथिंबीर करतो, माल पुण्याच्या मार्केट यार्डात आणि वाशीला जातो. शहरातली मंडळी फ्रीजवर एवढं बोलताहेत, तर भाजी तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी काय होतं ते सांगतो.

संध्याकाळी उपटतो, जुड्या बांधतो, पाणी मारून बारदानात किंवा क्रेटमध्ये रचतो, रात्री टेम्पो. उन्हाळ्यात टेम्पोतल्या ढिगाच्या मध्ये हात घालून बघा. कोमट लागतं. भट्टी पेटवल्यासारखं नाही, पण कोमट. पंतांनी सांगितलेली श्वासाची उष्णता तीच. बाहेरची जुडी गार, मधली पिवळी. व्यापारी पहाटे अंधारात मोबाइलचा उजेड पाडून बरोबर मधलीच जुडी उपसून बघतो आणि भाव पाडतो.

म्हणून आणल्या आणल्या जुडी पिशवीसकट फ्रीजमध्ये कोंबू नका. बांध सोडा, सावलीत पसरा, वरचं पाणी उडू द्या, मग भरा. आम्ही पाणी मारतो ते वाटेत सुकू नये म्हणून. तेच पाणी तुमच्या पिशवीत गेलं की कुजवतं. शेतकऱ्याला शिव्या नका घालू.

निर्यातीच्या भेंडीला हेच. पॅकहाउसमध्ये आधी गार करतात, मग भोकाच्या खोक्यात. गरम माल बंद केला तर खोक्यातच घाम फुटतो आणि भेंडीच्या शिरा काळ्या पडतात.

निवडटोपली

@गड्डीवाला, ढिगात हात घालून बघायचं कधी सुचलंच नसतं. आईला विचारलं पाहिजे ती पसरून ठेवते का. माझ्यासमोर तरी कधी केलेलं आठवत नाही.

लॅबवाली_ताई

मावशी, रागावू नका, पण वर्तमानपत्र नको. छपाईच्या शाईत शिसं आणि इतर नको ती रसायनं असतात आणि ओल्या पानाला ती लागतात. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने, २०१६ मध्ये सूचना काढली होती आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत तर वर्तमानपत्रात अन्न बांधायला बंदीच आहे. वडापावच्या गाड्यांवर कुणी वाचत नाही हा भाग वेगळा. कोरा कागद, किचन टॉवेल, जुनं धुतलेलं सुती कापड काहीही चालेल. काम शोषण्याचं आहे, अक्षरांचं नाही.

धुऊन ठेवायची की न धुता, हा वादही इथे येणारच म्हणून आधीच सांगते: न धुता. धुवायचीच असेल तर पूर्ण कोरडी करून. पानांच्या बेचक्यात अडकलेलं पाणी पंख्याखाली तासाभरातही जात नाही, हलवून बघा.

मावशी_बोलते

रागावत नाही गं. पण आम्ही चाळीस वर्षं तेच केलं आणि शाईने कुणी मेलं नाही. कोरा कागद आणून बघते. तेवढ्यासाठी विकत आणायचा म्हणजे जिवावर येतं.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच एवढी दमट की फ्रीजबाहेर तांबडी भाजी सुकत नाही, थेट सडते. त्यामुळे इथला अनुभव उलटा: पिशवीपेक्षा टोपली बरी.

पण मला फडक्याच्या बाजूने बोलायचंय. पानवाल्याकडे बघा. विड्याची पानं दिवसभर ओल्या फडक्यात, आणि तो मध्येमध्ये पाणी शिंपडत असतो. अबोलीचा वळेसर (गजरा) केळीच्या पानात बांधून देतात, संध्याकाळपर्यंत ताजा. केळीच्या पानाला मेणचट थर असतो, वाफ बाहेर जात नाही, आणि आपल्याकडे ते पॉलिथिनच्या आधीपासून आहे. प्लॅस्टिकशिवाय भाजी टिकत नाही हे पटत नाही. फडक्याला पाणी घालणारा माणूस लागतो, एवढंच.

पॉलिमरपंत

@मांडवीकाठ, एकदम मान्य. फडकं पाणी पुरवतं, पिशवी पाणी राखते. पुरवणारा माणूस घरी असेल तर फडकं जिंकेल. नवराबायको दोघं नऊ ते सात बाहेर असतील तर पिशवी.

सजग_नागरिक

धाग्यात सगळे पिशव्यांचे गोडवे गाताहेत म्हणून आठवण करून देतो, महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडलात तर ५००० रुपये दंड. भाजीवाल्याची ती पातळ पिशवी मुळात असायलाच नको. आणि तुम्ही तिला भोकं पाडताय.

पॉलिमरपंत

सजगराव, मी नवीन पिशव्या आणा म्हटलेलं नाही. घरात ब्रेडच्या, पिठाच्या, साखरेच्या पिशव्या येतातच. धुऊन वाळवून त्याच वापरा. माझ्याकडे कडधान्याच्या तीन पिशव्या गेली दोन वर्षं मेथी वाहताहेत. कंटाळा आला तर झाकणाचा डबा आणि रुमाल आहेच. डबा फॅन्सी नको, पण भाजी ठासून भरू नका, वर चार बोटं जागा हवी.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये याच्या अगदी उलट बाजूने वाद चालू असतो, म्हणून लिहिते. इथे काकडीसुद्धा एकेक प्लॅस्टिकमध्ये चिकटवून मिळते. रॅप नावाच्या संस्थेने २०२२ मध्ये सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी आणि बटाटे, सुटे आणि पॅकबंद, ४ अंश, ९ अंश आणि बाहेर असं ठेवून पाहिलं. त्यातून निघालं ते असं की या पाच वस्तूंना पॅकिंगने फारसा फरक पडला नाही, तापमानाने पडला. शिवाय पॅकमुळे गरजेपेक्षा जास्त घ्यावं लागतं आणि वरची तारीख बघून लोक चांगला माल फेकतात.

ते वाचून मीही उत्साहाने सगळं सुटं आणायला लागले. मग इथल्या भारतीय दुकानातली मेथी सुटी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी फेकली. मग लक्षात आलं, त्या यादीत एकही पालेभाजी नाही! बटाट्याला साल आहे, सफरचंदाला मेण आहे, मेथीला काय आहे?

पॉलिमरपंत

@लीड्सकर, लाखातलं बोललात. सगळा खेळ वजनाच्या मानाने पृष्ठभाग किती याचा आहे. मेथी म्हणजे नुसता पृष्ठभाग.

यावरून आठवलं, गाजर आणि मुळ्याचा पाला आणल्या आणल्या कापून वेगळा ठेवा. पाला पाणी उडवत राहतो आणि ते कंदातून ओढतो. पाल्यासकट ठेवलेला मुळा तीन दिवसांत रबर होतो, पाला कापून पिशवीत ठेवलेला तीन आठवडे कुडकुडीत.

वांगीप्रेमी

सगळे पालेभाजीवर. माझी तक्रार वांग्याची. भरल्या वांग्यासाठी चांगली काटेरी आणली, डब्यात रुमाल घालून, सगळं वरच्यासारखं. पाच दिवसांनी बाहेरून जरा खड्डे पडल्यासारखी, आणि चिरल्यावर आतल्या बिया तपकिरी-काळ्या. कीड नाही, कुजलेलं नाही. भाजी केली तर कडवट. डबा चुकला का?

गड्डीवाला

डबा नाही चुकला, फ्रीज चुकला. वांग्याला थंडी बाधते.

लॅबवाली_ताई

+१. वांगं मूळचं उष्ण हवेतलं. १० अंशांच्या खाली काही दिवस राहिलं की पेशींची पातळ पटलं बिघडतात, मग खड्डे आणि काळ्या बिया. गंमत म्हणजे फ्रीजमध्ये असेपर्यंत बऱ्याचदा ठीक दिसतं, बाहेर काढल्यावर काही तासांत कळा जाते. काकडीचंही तेच, दोनतीन दिवसांपलीकडे पाणचट डाग. भेंडीला ७ ते १० अंश मानवतात. ढोबळी मिरचीला ७ च्या आसपास. आलं, रताळं, कच्ची केळी तर १२-१३ च्या खाली नकोच. टोमॅटो पिकला नसेल तर फ्रीजमध्ये धड रंग धरत नाही आणि चवही धरत नाही.

बटाटा थंडीत गोड होतो आणि तळला की भराभर काळपटतो, कारण स्टार्चची साखर होते. उपासाचे काप करणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल.

यातल्या कुठल्याही भाजीला पिशवी वाचवू शकत नाही. पिशवी पाणी राखेल, थंडी नाही अडवणार.

वांगीप्रेमी

मग ठेवू कुठे? पुण्यात एप्रिलमध्ये ओट्यावर ३६ अंश असतात. तिसऱ्या दिवशी सुरकुत्या.

गड्डीवाला

आमच्या गोठ्यामागे विटांचा हौद आहे. दोन भिंती, मध्ये चार बोटं वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर वाळ्याचं ओलं झाकण. दिल्लीच्या पुसा संस्थेने १९८० च्या दशकात काढलेली युक्ती, कृषी सहायकाने करायला लावली. वीज लागत नाही. बाहेर चाळीस असताना आत हात घातला की माठातल्या पाण्यासारखा गारवा. वांगी, भेंडी, काकडी त्यात फ्रीजपेक्षा सुखात असतात, कारण गार आहे, दमट आहे, पण थंडी बाधण्याइतकं नाही. मावशींच्या सासूबाईंचं मडकं म्हणजे हेच.

फ्लॅटमध्ये हौद जमणार नाही. पसरट माठ घ्या, वाळूच्या परातीत ठेवा, वाळू ओली ठेवा, वर ओलं फडकं. वारा लागेल अशा खिडकीत.

मावशी_बोलते

बघा. सासूबाई म्हणजे सासूबाई.

बाळबोध

मावशी, सासूबाई हयात असताना हे कधी म्हणालात का?

मावशी_बोलते

नाही. आणि तू धाग्याच्या विषयावर बोल.

मांडवीकाठ

हौद किंवा माठ गोव्यात चालणार नाही हेही नोंदवून ठेवतो. हवा आधीच ओली असेल तर पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. देशावर आणि विदर्भात उत्तम. आमच्याकडे वांगी रोजची रोज.

शीतलहर

फ्लॅटवाल्यांसाठी अजून एक. फ्रीजचा दरवाजा ही त्यातली सगळ्यात गरम जागा. दुधाला वाईट, पण दोनचार दिवसांसाठी भेंडी-वांग्याला त्यातल्या त्यात बरी. कोरड्या कागदी पिशवीत घालून दाराच्या वरच्या कप्प्यात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागची भिंत, जिथून वारा येतो. तिथे टेकलेली काकडी अक्षरशः गोठते आणि लोक मला बोलावतात.

लीड्सकर

फळं कुणी काढली नाहीत अजून. ड्रॉवरमध्ये सफरचंद किंवा पिकलेली पपई भाज्यांशेजारी नको ना? मी ब्रोकोली सफरचंदांबरोबर ठेवली आणि ती पिवळी झाली.

पॉलिमरपंत

नकोच. पिकणारी फळं इथिलीन सोडतात. ब्रोकोली, काकडी, पालेभाजी त्याने पिवळी पडते, गाजर कडू होतं. बंद ड्रॉवरमध्ये तर तो वायू कोंडून राहतो. बाजारात इथिलीन शोषणाऱ्या हिरव्या पिशव्या आणि पुड्या मिळतात. तत्त्व खरं आहे, निर्यातीत पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या घालतातच. पण शेजारी किलोभर सफरचंद बसवून मग पुडीवर पैसे घालण्यापेक्षा सफरचंद वरच्या फळीवर ठेवा, फुकट आहे.

मशरूमबद्दल मला खासगी निरोपात विचारलं आहे, इथेच लिहितो. मशरूम भयंकर श्वसतात आणि स्वतःच ओले असतात. पॅकच्या पातळ फिल्मला बारीक भोकं असतात ती त्यासाठीच. घट्ट डब्यात मुळीच नको. पॅक उघडल्यावर कागदी पिशवी, तोंड सैल. हवाबंद आणि कोमट ठेवलेल्या मशरूममध्ये घातक जिवाणू वाढू शकतात, तिथे काटकसर करू नका.

निवडटोपली

अपडेट द्यायला आले आहे. बारा दिवस झाले.

दुसरी फेरी केली. या वेळी ड्रॉवरमध्ये, पट्टी बंद, सफरचंदं वर हलवली. जुडी सोडून तासभर पंख्यापासून लांब पसरली. तीन वाटे: फडकं, भोकं पाडलेली ब्रेडची पिशवी आत किचन टॉवेल घालून, आणि डबा-रुमाल. फडकं या वेळी सहा दिवस टिकलं, सातव्या दिवशी कडा कडक. पिशवी आणि डबा यांत बाराव्या दिवशी मला फरक सांगता येईना. नवऱ्याला डोळे मिटून वास घ्यायला लावला, तो म्हणाला दोन्हींची वडी कर. रुमाल तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बदलला, तेवढी एकच कटकट. बदलताना तो हाताला चांगला ओला लागत होता.

मग आईला फोन केला. विचारलं, तू जुडी आणल्यावर पसरतेस का?

'अगं, आल्यावर परातीत टाकून ठेवते की जेवण होईपर्यंत. पाणी असतं ना तिला.'

इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?

'त्यात सांगायचं काय?'

आणि फडकं? ते ती दर दोन दिवसांनी पाण्याखाली धरून पिळून परत गुंडाळते. हेही कधी बोलली नव्हती.

बाळबोध

पहिल्या प्रतिसादात काय म्हटलं होतं मी?

शीतलहर

हात वेगळा हे मान्य. पण त्याच हातांनी माझ्या घरच्या दोन दारांच्या फ्रीजमध्ये ठेवून दाखवा म्हणावं.

निवडटोपली

तेच होणार आहे. दिवाळीत आम्ही दोघा भावंडांनी मिळून आईला नवीन दोन दारांचा फ्रीज घ्यायचं ठरवलं होतं. काल भावाला हा धागा वाचायला दिला. तो म्हणतो बुकिंग रद्द. आई म्हणते रद्द करू नका, बर्फ वितळवून वितळवून माझे गुडघे गेले.

@पॉलिमरपंत, साताऱ्याला न्यायला ब्रेडच्या पिशव्या जमवते आहे. किती भोकं म्हणालात?